स्वस्तात वजन उतरवणाऱ्या पोरापोरींच्या बाजूने

कोल्हापुरात विशी-बाविशीच्या मुलानं वजन कमी करायचं ठरवलं, की त्याला तीन प्रश्न विचारले जातात. जिम कुठली लावलीस? पावडर कुठली घेतोस? डाएट कुणाचं करतोस? कॉट बेसिसवरची खोली, महिन्याच्या बोलीवर लावलेली खाणावळ आणि घरून येणारे मोजके पैसे एवढ्यावर जगणाऱ्या मुलाला हे प्रश्न एकच गोष्ट सांगतात: हे तुझ्या ऐपतीतलं काम नव्हे. मग तो पहिल्या पगाराची वाट बघत बसतो, नाहीतर दोन महिन्यांचे पैसे एकदम घालवतो आणि तिसऱ्या महिन्यात आपल्यातच दम नाही असं समजून सगळं सोडून देतो. या नुकसानीचा मला राग येतो, कारण तिन्ही प्रश्नांच्या मागचा समज खोटा आहे.

आधी पावडर. दोन हजारांच्या पुढचा डबा घेतल्याशिवाय प्रथिनं मिळत नाहीत, असं जिममध्ये सांगितलं जातं. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. वजन उतरवताना थोडी जास्त घेतलेली बरी, पण तीही वाण्याच्या दुकानातच मिळतात. दोन अंड्यांतून बाराएक ग्रॅम, दोन वाट्या दाट आमटी किंवा मटकीच्या उसळीतून तेवढीच किंवा थोडी जास्त, मूठभर सोयाबीन वडीतून पंधरा, दोन भाकऱ्यांतून दहा-बारा आणि पेलाभर दुधातून आठ. बेरीज साठच्या आसपास जाते. त्याच दोन संस्थांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मग डाएट कुणाचं? महाराष्ट्रात या प्रश्नावर घराघरांत दोन तट पडले. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणाल्या, थोडं थोडं आणि वेळेवर खा, आपल्या मातीतलं खा. लोक आजही यावर हमरीतुमरीवर येतात. माझं म्हणणं असं, की ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्यानं या भांडणात एक दिवसही घालवू नये. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 प्रौढांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी पिष्टमय. 2018 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक नव्हता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या ग्वांगझू इथल्या प्रयोगातही तेच. कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच कमी केल्या होत्या, त्यामुळे दिवसातल्या आठच तासांत जेवण आटपणाऱ्या गटाला, वेळेचं बंधन नसलेल्या गटापेक्षा वेगळा फायदा झाला नाही. तेव्हा खाणावळीची वेळ दुपारी बारा आणि रात्री आठ असेल, तर दोन वेळचं जेवण सोयीचं. सकाळी सातला कामावर जायचं असेल, तर न्याहारी हवीच. जी रीत वर्षभर निभेल ती आपली.

यानंतर येतो खास कोल्हापुरी युक्तिवाद. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात राहून वजन कसलं उतरतंय? मला हा आपल्या स्वयंपाकघरावरचा अन्याय वाटतो. मटण हा प्रथिनांचा उत्तम साठा आहे. वजन वाढवतो तो वरचा तेलाचा कट. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, आणि मिसळीवर मागून मागून घेतलेल्या तर्रीत असे किती चमचे जातात हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. याच गावात मटण शिजलं की लहान पोरांना आणि आजाऱ्याला अळणी पाणी वाटीत घालून देतात. तेल-तिखटाआधी काढलेला तो रस्सा चवीला कुठं कमी असतो? खर्डा, ताक, मोडाची उसळ, कच्चा कांदा, मेथीची परतून भाजी हेही कोल्हापूरच आहे.

पण गावाची बाजू घेताना खोटा अभिमानही बाळगू नये. गूळ खाल्ला तर चालतो, साखर तेवढी सोडायची, असं आपल्याकडे बरीच मंडळी सांगतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची चव निर्विवाद आहे, तरीही कॅलरीच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसं अंतर नाही. भाकरीचंही तेच. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम तंतू असतात, म्हणून पोट भरल्यासारखं राहतं आणि परदेशी ओट्सचा हट्ट धरायची गरज उरत नाही. पण चार भाकऱ्या त्या चार भाकऱ्याच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा घेतला की 40 ग्रॅम साखर पोटात जाते, आणि वरच्याच मार्गदर्शक सूचना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणतात. पहिल्या महिन्यात बाकी काही जमलं नाही तरी चहातली साखर निम्मी करावी. त्यात खर्च तर नाहीच, उलट बचत आहे.

आता उरला जिमचा प्रश्न. आपल्याकडे जिमच्या आधीपासून तालीम आहे, आणि तिच्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्याकडे पाहण्यात आपली दोन प्रकारची चूक होते. एक, तालीम म्हणजे खुराक, हा समज. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणं हे पैलवानाला शोभतं, कारण तो पहाटेपासून शेकडो जोर-बैठका मारून, लाल मातीत तासन्‌तास झटून आलेला असतो. लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात. तासभर झपझप चालणाऱ्याच्या अडीचशे-तीनशेच जळतात, आणि त्या एका वडापावात परत येतात. व्यायाम पैलवानाच्या पाव हिश्श्यानं आणि खुराक पूर्ण, या हिशोबानं गावातल्या कितीतरी पोरांची पोटं सुटली आहेत. दुसरी चूक म्हणजे तालीम अंग वाढवायलाच असते असं मानणं. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते 57 किलो गटात. कुस्ती हा काट्यावर वजन देऊन खेळायचा खेळ आहे. म्हणूनच आठवड्यात पाच किलो उतरवून देतो अशी जाहिरात दिसली, तर आधी एखाद्या वस्तादाला विचारावं. तो सांगेल, झटपट उतरतं ते पाणी. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाटनं रात्रभर घाम गाळूनही तिचं वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती अंतिम लढतीतून बाद झाली. शरीर पाण्यासाठी सुद्धा इतकं झुंजवतं, तर चरबीला वेळ लागणारच. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी काम उत्तम चाललंय असं समजावं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. कमी पैशात पोट भरायला निघालं की हाती लागतात पाव, बिस्किटं, वडा आणि भाताचा ढीग. ज्याच्या खोलीत शेगडी पेटवायला घरमालक परवानगी देत नाही, त्याला मोडाच्या उसळीचे धडे देऊन काय उपयोग? खरी अडचण चूल, वेळ आणि जागा यांची आहे. यातली चूल थोडी तरी हलवता येते. राजारामपुरीतल्या एका खाणावळीत पाहिलेलं सांगतो. एका मुलानं भाजीची वाटी तिरकी धरून वरचं तेल ताटाच्या कडेला काढलं. वाढणाऱ्या मावशींनी ते पाहिलं.

"का रं, आवडली न्हाई व्हय भाजी?"

"आवडली मावशी, तेल तेवढं नको."

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय? वरनं वाढली नसती."

त्यांनी डाव पातेल्यात खालपर्यंत घातला आणि तळातली भाजी वाढली. भात अर्धा करून त्याच्या जागी आमटीची आणखी एक वाटीही त्यांनी विनातक्रार दिली. महिन्याच्या पैशात एक रुपया वाढला नाही. खाणावळवाल्यांना हे कुणी सांगतच नाही.

वेळ आणि जागा मात्र एकट्यानं मिळवता येत नाहीत, आणि इथं शहरानं पुढं यायला हवं. या गावाला ते नवीन नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ इतर समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. खासबागचं कुस्तीचं मैदान 1912 मध्ये तयार झालं. गरिबाच्या पोराचं जेवण, राहणं आणि अंगमेहनत ही सगळ्यांची जबाबदारी आहे, असं मानणारा राजा आपल्याला लाभला होता. शेजारच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले, कारण त्यांना पोत्याएवढी जागा लागते आणि साहित्य काहीच लागत नाही. खोलीत राहणाऱ्या मुलीनं उद्या सकाळी बारा नमस्कारांपासून सुरुवात केली तर मला आनंदच होईल.

पण मुलींना खोलीतच व्यायाम करा असं सांगून आपण मोकळं होता कामा नये. पहाटे रंकाळा तलावावर मुलगा एकटा चालायला जातो, मुलगी सोबतीण शोधत बसते. बहुतेक तालमींचं दार तिच्यासाठी उघडं नाही. याच जिल्ह्यातून रेश्मा माने आणि नंदिनी साळोखे कुस्तीत देशपातळीवर गेल्या, म्हणजे मुली कमी पडतात हा मुद्दाच उरत नाही. महापालिकेच्या शाळांची मैदानं सकाळी सहा ते आठ मुलींसाठी उघडी ठेवावीत, तिथं चालू दिवे आणि एक महिला कर्मचारी असावी. पेठापेठांतल्या तालमींनी आठवड्यातले दोन दिवस मुलींना द्यावेत. आणि वसतिगृहांच्या, कॉलेजांच्या खाणावळींत कमी तेलाची एक भाजी रोज, त्याच दरात मिळावी. या तिन्ही गोष्टी यंदाच्या शैक्षणिक वर्षातच सुरू करता येतील.