विश्लेषण : घरी दहा, रेंजवर चार... अंतर बदलताच एअर पिस्तूलचा नेम का चुकतो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक जिंकले. चारच दिवसांनी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील तर २०२२ मध्येच १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला होता. अशा यशानंतर शेजारच्या भिवंडीतल्या एखाद्या मुलालाही पिस्तूल हाती घ्यावेसे वाटले, तर नवल नाही. पण मागांच्या खडखडाटात, दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणाऱ्या या शहरात पहिली अडचण येते ती दहा मीटर जागेची.

दहाचे वर्तुळ किती मोठे?

एअर पिस्तूलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे साध्या शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्याभोवतीचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तूल एकाच हाताने, आधाराशिवाय धरायचे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्या जुळणीत एक मिलिमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर भरकटतो. मग दहा सोडा, आठही हुकतो.

अंतर बदलले की नेमके काय बिघडते?

दोन गोष्टी. पहिली, छर्रा सरळ रेषेत जात नाही. सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत दोन ते अडीच सेंटिमीटर खाली येतो. पाच मीटरवर ही घट जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. शिवाय नेमाची रेषा नळीच्या थोडी वरून जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बहुतेक पिस्तूल नेमबाज काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. काळ्यावर काळी माशी नीट दिसत नाही, म्हणून ते गोलाखालच्या पांढऱ्या पट्ट्यावर नेम धरतात आणि छर्रा वर, मध्यभागी लागेल अशी मागची खाच लावून घेतात. समजा, नेम केंद्राच्या पाच सेंटिमीटर खाली धरला. घरात पाच मीटरवर पूर्ण आकाराचा कागद लावून खाच जुळवली, तर दहा गुण मिळतात. तीच जुळणी दहा मीटरवर नेली की छर्रा नेमाच्या जागेपासून दुपटीने वर जातो. म्हणजे केंद्राच्या पाच सेंटिमीटरहून अधिक वर, तीन-चारच्या वर्तुळात. मुलगा स्वतःला दोष देतो, पालक पिस्तूलला. चूक दोघांचीही नसते. सुताचा काउंट बदलला की मागाची सेटिंग बदलावी लागते, हे भिवंडीला वेगळे सांगायला नको. पिस्तूलचेही तसेच आहे.

मग जुळणी कशी करावी?

आधी टेपने अंतर मोजावे. अंदाज चालत नाही. एका छर्ऱ्यावरून स्क्रूला हात लावू नये. पाच छर्रे मारावेत आणि त्यांच्या पुंजक्याचा मध्य पाहावा. पुंजका विखुरलेला असेल, तर दोष बहुधा हातात किंवा ट्रिगरवर आहे, खाचेत नाही. पुंजका घट्ट पण बाजूला असेल, तरच खाच हलवावी. छर्रा ज्या दिशेला न्यायचा, त्याच दिशेला मागची खाच सरकवायची. दहा मीटरवर एका क्लिकने छर्रा दोन मिलिमीटर सरकत असेल, तर पाच मीटरवर तो एकच मिलिमीटर सरकेल. दर अंतराच्या क्लिकची नोंद वहीत ठेवावी.

पाच मीटरवरच सराव करावा लागत असेल, तर लक्ष्यही निम्म्या आकाराचे हवे आणि त्याचे केंद्र रेंजवरच्याच उंचीला हवे. मग डोळ्याला चित्र तेच दिसते आणि फरक काही मिलिमीटरवर येतो. तो स्पर्धेपूर्वीच्या १५ मिनिटांच्या तयारीत, गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या छर्ऱ्यांनी काढता येतो. पण ही वेळ शेवटच्या दोन-चार क्लिकसाठी असते. घरची चुकीची जुळणी मुळापासून सुधारण्यासाठी नव्हे.

घरात छर्रे मारावेतच का?

शक्यतो मारू नयेत. चाळीत भिंतीपलीकडे शेजारी असतात, दारातून लहान मूल कधीही आत येते. भिंतीवर आदळलेला छर्रा उलटून डोळ्यात जाऊ शकतो. घरी रिकाम्या पिस्तूलने, कोऱ्या भिंतीसमोर माशी-खाच जुळवण्याचा आणि ट्रिगर हळुवार दाबण्याचा सराव करावा. त्याला अंतर लागत नाही, छर्ऱ्याचा खर्चही नाही. नेमबाजीतला मोठा भाग असाच घडतो. खाच जुळवण्याचे काम मात्र प्रशिक्षकासमोर, खऱ्या दहा मीटरवरच व्हावे.

ते दहा मीटर कुठून आणायचे?

खरा प्रश्न हाच आहे. माणकोली, काल्हेर, पूर्णा परिसरात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मालासाठी शेकडो मीटर जागा निघते, मग मुलांसाठी पंधरा मीटर लांबीचा एक बंदिस्त हॉल निघू नये? एअर पिस्तूलला मैदान लागत नाही. भक्कम मागची भिंत, चांगला उजेड, कागदी लक्ष्ये आणि शिस्त लावणारा प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. शाळा सुटल्यावर महापालिका शाळेचा एखादा हॉलही पुरेसा बदलून घेता येईल. महागडी इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये नंतर येऊ शकतात.

पदकानंतर सत्कार होतातच. पण त्याआधी मुलाला त्याची चूक हाताची आहे की अंतराची, हे तरी कळायला हवे. पाच मीटरच्या खोलीत ते कधीच कळणार नाही.