दुप्पट नफा हराम नाही, भीती विकणं हराम आहे

स्कूबाचं रेग्युलेटर दुकानदार घाऊक भावाच्या दुपटीने विकतो, म्हणून त्याला हरामखोर म्हणू नका. हजरत उरवा बारिकी (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) एका दीनारात दोन बकऱ्या घेतल्या, एक दीनारला विकली, बकरी आणि दीनार दोन्ही आणून दिले. प्रेषितांनी (स.) बरकतीची दुआ केली. शरीयतने नफ्याची टक्केवारी ठरवलेली नाही; फसवणूक मात्र हराम केली आहे. नवशिक्याला ‘जिवाचा प्रश्न आहे’ म्हणत गरज नसलेला महागडा संच गळ्यात मारणं ही फसवणूकच. आणि दुकानदार सूट द्यायला तयार असताना उत्पादकाने किमान भाव बांधायचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये लीगिन खटल्यात अशा करारांवरची सरसकट बंदी उठवली. बोट तिकडे दाखवा.