पट्टा पेटीत नको, हिशोब चावडीवर हवा



वनपट्टा हातात आला की दारात दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतो, "पट्टा माझ्याकडे ठेव, पेरणीचे पैसे घेऊन जा." दुसरा म्हणतो, "आमच्या पतसंस्थेत खातं काढ, आम्ही गावासाठी पुष्कळ काही करतो." पहिल्याला काय उत्तर द्यायचं ते आपल्याला ठाऊक आहे, फक्त अडीनडीला ते तोंडातून निघत नाही. दुसऱ्याला काय विचारायचं ते मात्र अजून गावानं ठरवलेलं नाही. ते आता ठरवलं पाहिजे. पट्टा मिळवायला जेवढं लढावं लागलं, तेवढंच तो टिकवायला लढावं लागणार आहे.

कर्जात जमीन कशी जाते हे खानदेशातल्या आदिवासीला कोणी शिकवायला नको. १८२५ साली इंग्रजांनी भिल्ल एजन्सी काढली. तिचं एक ठाणं आपल्या चाळीसगावच्या डोंगरावर, कन्नडला होतं. बैल-बियाण्याला तगाई द्यायची आणि भिल्लांना शेतीवर बसवायचं, असं धोरण होतं. शेती आली, पण तिच्या मागोमाग सावकाराची वहीही आली. शहादा-तळोद्याकडे तर अशी पाळी आली की जमिनीचा मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. १९७१-७२ साली अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना तिथं उभे राहिले ते याच गेलेल्या जमिनींसाठी. पुढे १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आला. म्हणजे आधी जमीन गेली, मग माणसं लढली, मग कायदा झाला. या वेळी आपल्या हातात कायदा आधीच आहे.

वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(४) सांगतं की हा हक्क वारसानं पुढे जाईल, पण विकता येणार नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. नवरा-बायको दोघांच्या नावानं तो नोंदवायचा. तेव्हा सावकारानं किंवा दुकानदारानं पट्ट्याचा कागद पेटीत ठेवला म्हणून जमीन त्याची होत नाही. त्याच्या हातात फक्त तुमची भीती असते. पट्ट्याची नोंद सरकारदप्तरी आहे. कागद परत मागायला घाबरायचं कारण नाही.

आता आपल्यातलेच काही शिकलेले भाऊ म्हणतात, "पट्टा गहाण पडत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. सरकारकडे मागणी करा, पट्टा तारण ठेवायला परवानगी द्या." त्यांची अडचण खरी आहे. जून उजाडला की बियाणं, खत, बैलाचं भाडं, सगळं एकदम लागतं. पण ही मागणी आम्हाला मान्य नाही. गहाण पडू शकते ती जमीन जाऊही शकते. एका वर्षाचा पाऊस चुकला तर तीन पिढ्यांचा हक्क लिलावात निघेल.

शिवाय बँकेचं कारणच पूर्ण खरं नाही. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला आहे की शेतकऱ्याला २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जासाठी बँकेनं तारण मागायचं नाही. याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. आपल्या दोन-चार एकरांच्या पिकाला लागणारं कर्ज या मर्यादेच्या आतच येतं. मग पट्टा गहाण पडतो की नाही हा प्रश्न येतोच कुठे? आपली मागणी अशी हवी: पट्टा कसणाऱ्याचा पुरावा धरा, तारण मागू नका, आणि कर्ज नाकारत असाल तर कारण लेखी द्या.

बँक झाली, आता गावातल्या पैशाचं बोलू. ज्या घराला पट्ट्यावर भागत नाही ते घर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. उचल फिटली नाही तर पुढच्या सालाला तोच मुकादम, तोच कोयता. अशा घराला मोठं कर्ज नको असतं. दवाखान्याला पाच हजार, बियाण्याला आठ हजार, एवढंच वेळेवर मिळालं तर त्याची मान सुटते. हे काम गावातला बचत गट करू शकतो.

आकडे मांडून बघा. सावकार शेकडा १० रुपये महिना घेतो. १० हजार घेतले तर महिन्याला एक हजार व्याज. वर्षाला १२ हजार दिले तरी मुद्दल तिथल्या तिथं. गटात शेकडा २ चालतात. दर महिन्याला मुद्दलाचा हप्ता फेडत गेलं आणि उरलेल्या रकमेवरच व्याज धरलं, तर १० हजारांचं वर्षाचं व्याज १,३०० रुपये होतं. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. तोच २ चा दर, पण मुद्दल कमी होत असताना शेवटपर्यंत पूर्ण १० हजारांवर व्याज लावलं, तर २,४०० होतात. दर तोच असून ११०० रुपये जास्त जातात. म्हणून "दर किती" एवढं विचारून थांबू नका. "व्याज कशावर लावता" हेही विचारा.

बारा बायांनी महिन्याला १०० रुपये टाकले तर वर्षात १४,४०० जमतात. रक्कम लहान आहे. पण ती कुणाची दया नाही, आणि तिच्यावरचं व्याज गावातच राहतं. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, त्यामुळे नीट चाललेल्या गटाला बँकही विनातारण कर्ज देते. तिथं बँक बघते ती गटाची वही: बैठक होते का, बचत पडते का, कर्ज फिरतं का, परत येतं का, सगळं लिहिलेलं आहे का. माणसाला माणूस जामीन, हीच त्यातली खरी पत. गटाला मर्यादाही आहे. दुष्काळ पडला तर बाराही घरं एकदमच अडतात, तेव्हा गटाची पेटी पुरत नाही. म्हणून गट काढला तरी बँकेवरचा आणि सोसायटीवरचा हक्क सोडायचा नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे, पतसंस्थेकडे येऊ. पतसंस्था वह्या वाटते, डोळ्यांची शिबिरं घेते, दहावीच्या पोरांचा सत्कार करते. वाईट काही नाही. पण वही-पेनावरून पतसंस्था चांगली ठरत नाही. जळगाव जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांना स्वतःच्याच पैशासाठी मोर्चे काढावे लागले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पाटीवर "सहकारी" लिहिलं की पैसा सुरक्षित, असं धरून चालू नका. आपल्या तालुक्यातला बेलगंगा कारखानाही सहकारीच होता, आणि तो वर्षानुवर्षं बंद पडलेला आपण पाहिला.

पतसंस्थेनं गावात काम करावं असं आम्हालाही वाटतं. मात्र ते काम म्हणजे काय, ते गावानं सांगावं. जूनमध्ये पट्टेधारकाला कर्ज दिलं का? किती आदिवासी फक्त ठेवीदार आहेत आणि किती मतदानाचा हक्क असलेले सभासद आहेत? संचालकांनी स्वतःच्या नातलगांना किती कर्ज दिलं? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. संस्थेचे उपविधी आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद बघायचा सभासदाला हक्क आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आणि योग्य कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं कायदा मानतो. आपल्या गावच्या विकास सोसायटीलाही हे लागू आहे. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.

आठवड्याच्या हप्त्यावाले फायनान्सचे लोकही आता पाड्यापर्यंत येतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घ्यायचं नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही. रात्री दारात बसून बाईला रडवणारा माणूस नियम मोडतोय, हे सगळ्या पाड्याला माहीत असलं पाहिजे.

विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात गेल्या १५ वर्षांत जमीन बळकावली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झालं तर जमीन परत मिळते. सातबाऱ्याच्या जमिनी गमावलेल्या भाऊबहिणींनी हे ध्यानात घ्यावं.

येत्या ग्रामसभेत चार गोष्टी करा, असं आमचं सांगणं आहे. कुणाचा पट्टा, पासबुक किंवा एटीएम कार्ड दुसऱ्याच्या पेटीत आहे त्याची यादी करा आणि दहा जणांनी मिळून ते परत आणा. एकटं जाऊ नका. बँकेत आणि सोसायटीत पीककर्जाचे अर्ज एकाच दिवशी, एकत्र द्या. गटाची वही दर महिन्याला चावडीवर मोठ्यानं वाचा, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळेल अशी. आणि पतसंस्थेचा माणूस शिबिराचं आमंत्रण घेऊन आला तर त्याला चहा पाजा, बसवा, आणि ताळेबंद मागा.

पट्टा आपला आहे. त्यावरचं पीक आपलं आहे. त्या पिकाच्या पैशाचा हिशोबही आपल्यालाच वाचता आला पाहिजे.