मूठभर बियाणे

माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांत ज्यांच्यापाशी तुकडाभर जमीन होती, त्या आपल्या आज्यांनी हुलगा, मटकीचे बी राख लावून मडक्यात जपले. बहुसंख्यांच्या घरी मात्र ते मडके नव्हते. बलुत्यात धान्य मिळे; बियाण्याचा धनी दुसराच असे. धान्याने आजची भूक भागते, पुढच्या हंगामाचे स्वातंत्र्य बियाण्यातच असते. वतनाची ही लाचारी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्ती विधेयक मांडले.

आज संकरित बियाण्यासाठी शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारी उभा राहतो. वस्तुतः २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क त्याला दिला आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे या आदिवासी भगिनीने शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बँक उभारली आणि पद्मश्रीचा सन्मान मिळवला. मग शिकलेल्या आपण मागे का राहावे?

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना नम्र विनंती : पुढील मेळाव्यास येताना आपल्या गावचे मूठभर देशी बी आणावे. शाळेच्या आवारात मुले ते पेरतील, राखतील आणि पुढच्या वर्षी मागेल त्याला देतील. घेणारा समाज देणारा व्हावा, हेच आपल्या शिक्षणाचे प्रयोजन होय.