मूळ फोटो पुसू नका!



परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ‘फोटो ५० केबीपेक्षा लहान हवा’ अशी सूचना तुम्ही वाचली असेल. मग झेरॉक्सच्या दुकानातले दादा दोन-चार बटणे दाबतात आणि फोटो लहान होतो. त्यातून नेमके काय गेले, असे तुम्ही कधी विचारले आहे का?

हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. आमचा अंबड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इकडच्या घराघरांत जमिनीचे जुने कागद उर्दूत सापडतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असाच एक कागद होता. त्याला वाळवी लागली. पण त्याआधी काकांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला होता. तो त्यांनी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून मूळ फोटो पुसून टाकला! उरली ती पाठवलेली प्रत. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध गुरुजींना ती दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “हे दोन एकर की तीन, सांगता येत नाही.” उर्दू अंकांतील दोन आणि तीन यांच्यात माथ्यावरच्या एका दात्याचाच काय तो फरक. नेमका तो दाताच डागासारखा झाला होता.

असे का झाले? थोडा हिशेब करू. मोबाइलच्या फोटोत समजा आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके आहेत. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, दर आकड्याला एक बाइट. झाले ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. पण तुमच्या मोबाइलमधली फाइल बहुधा तीन-चार एमबीचीच असते. बाकीचे गेले कुठे?

फाइल लहान करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत प्रामाणिक वाण्याची. ‘पांढरा, पांढरा, पांढरा...’ असे चाळीस वेळा लिहिण्याऐवजी ‘चाळीस पांढरे’ असे लिहायचे. अक्षरे कमी झाली, माहिती तेवढीच राहिली. १९९६ साली आलेला पीएनजी हा प्रकार याच जातीचा. त्याची युक्ती अधिक हुशारीची आहे, पण उघडल्यावर ठिपका न् ठिपका परत मिळतो.

दुसरी रीत जेपीईजीची. ती काही माहिती टाकूनच देते. आपला डोळा उजेडातले बारीक फरक चटकन टिपतो, रंगातले तितके नाही. म्हणून रंगांची नोंद बहुधा आधीच विरळ केली जाते. मग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. तंबोऱ्याच्या तारेचा आवाज जसा मूळ सूर आणि उपस्वर यांची बेरीज असतो, तसा प्रत्येक चौकोन मंद आणि बारीक लाटांची बेरीज म्हणून मांडतात. हे गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यावर उभे राहिलेले जेपीईजी १९९२ साली प्रमाण ठरले. त्यात बारीक लाटांचे आकडे इतके ढोबळ करतात की पुष्कळांचे शून्य होते. शून्ये लिहायला जागा कितीशी लागणार?

आमच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीचा फोटो पायथ्यापासून काढलात, तर निम्मे चित्र नुसते आकाश. तिथे बारीक लाटा जवळजवळ नसतातच. त्या टाकल्या तरी बिघडत नाही. जेपीईजी हे उत्तम शोधकार्य आहे, माझे त्याच्याशी भांडण नाही. पण अक्षराची कड म्हणजे काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी. ही उडी बारीक लाटांवरच उभी असते. त्या गेल्या की कडेभोवती धुरकट डाग उठतात. शिवाय फोटो पाठवताना ठिपक्यांची संख्याच कमी झाली, तर दात्याच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके येतात.

डाग निदान दिसतो तरी. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रीसेल यांना याहून वाईट प्रकार आढळला. स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात वेगवेगळ्या आकारांच्या तीन खोल्यांवर एकच आकडा उमटला होता, १४.१३! सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून फाइल लहान करणाऱ्या यंत्राने एका जागचा आकडा दुसरीकडे चिकटवला होता, आणि तोही अगदी स्वच्छ, सुवाच्य.

म्हणून माझे मत असे की, फोटो ५० केबीचा कसा करायचा एवढेच मुलांना शिकवणे अपुरे आहे. अर्जावरचा चेहरा खुशाल लहान करा. पण आजोबांचे पत्र, मोडीतला कागद, बारवेवरचा शिलालेख यांचा मूळ फोटो जशाचा तसा दोन ठिकाणी ठेवा. पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्कॅन करणार असाल तर पीएनजी किंवा टिफ निवडा. आणि जेपीईजीचे नंतर पीएनजी केले तर गेलेले परत येईल, अशी आशा धरू नका. त्या विद्यार्थ्याने तेही करून पाहिले होते.

पडताळा हवा असेल तर वहीच्या पानाचा फोटो सर्वांत कमी दर्जा निवडून जेपीईजीत साठवा, खूप मोठा करून पाहा आणि दिसणाऱ्या चौकोनाच्या एका बाजूचे ठिपके मोजा.