पहिला नंबर कोणाचा? लिव्हरपूलच्या आघाडीच्या फळीवरून थोडंसं



संघातला सगळ्यात भारी खेळाडू कोण, यावर मुलं तासभरसुद्धा भांडू शकतात. क्रिकेटवर भांडतात, कबड्डीवर भांडतात आणि आता घरोघरी मोबाइल आल्यापासून युरोपातल्या फुटबॉलवरही भांडतात. मला हे भांडण आवडतं. त्यात मुलं आकडे आठवतात, तुलना करतात, कारणं देतात आणि दुसऱ्याचं कारण खोडून काढतात. हेच सगळं आपण गणिताच्या आणि भाषेच्या तासाला त्यांच्याकडून करून घ्यायला धडपडत असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. क्रमवारी लावायला माझी हरकत नाही. पण कोणत्या मोजपट्टीने मोजलं हे न सांगता दिलेला नंबर अर्धवट असतो. मग तो खेळाडूचा असो की आपल्या वर्गातल्या मुलाचा.

हे नीट समजून घ्यायला एक खराखुरा संघ घेऊ. इंग्लंडमधला लिव्हरपूल क्लब आणि त्याचा २०१८-१९ चा हंगाम.

आधी संघाचाच नंबर

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. जिंकला तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरला तर शून्य. त्या हंगामात लिव्हरपूलने ३० सामने जिंकले, ७ बरोबरीत सोडवले आणि फक्त एक हरला. मँचेस्टर सिटीने ३२ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि ४ हरले.

मुलांना हे फळ्यावर लिहून द्या आणि विचारा, पहिला कोण? बरीच मुलं म्हणतील, "एकच मॅच हरलेला संघ पहिला." मग गुण काढायला सांगा. लिव्हरपूलचे ३० × ३ + ७ = ९७. सिटीचे ३२ × ३ + २ = ९८. चार वेळा हरलेला संघ विजेता, एकदाच हरलेला दुसरा! यात अन्याय काही नाही, नियम आधीपासून सगळ्यांना माहीत होते. पण नियम "जो कमी हरेल तो पहिला" असा असता, तर करंडक लिव्हरपूलला मिळाला असता. संघ तेच, सामनेही तेच. बदलली ती फक्त मोजपट्टी.

आता खेळाडू

लिव्हरपूलच्या आघाडीला तिघे जण असत. उजवीकडे इजिप्तचा मोहम्मद सालाह, डावीकडे सेनेगलचा सादियो माने आणि मध्ये ब्राझीलचा रॉबर्टो फर्मिनो. (नकाशाचा तास इथेच जोडून घेता येतो.) संघाने लीगमध्ये ८९ गोल केले. त्यातले सालाहचे २२, मानेचे २२ आणि फर्मिनोचे १२. म्हणजे ८९ पैकी ५६ गोल या तिघांचे.

पहिली मोजपट्टी एकूण गोलची. सालाह आणि माने बरोबरीत, फर्मिनो तिसरा.

दुसरी मोजपट्टी, पेनल्टी सोडून केलेले गोल. पेनल्टी म्हणजे ११ मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक असताना मारलेली किक. सालाहच्या २२ मध्ये ३ पेनल्टी होत्या, मानेच्या २२ मध्ये एकही नाही. म्हणजे माने २२, सालाह १९. माने पहिला.

तिसरी मोजपट्टी, गोल अधिक गोलसाठी दिलेले पास. ज्या पासवर थेट गोल होतो त्याला असिस्ट म्हणतात. सालाहचे असिस्ट ८, फर्मिनोचे ६, मानेचा १. बेरीज केली की सालाह ३०, माने २३, फर्मिनो १८. सालाह पहिला.

चौथी मोजपट्टी नुसत्या असिस्टची. इथे गंमत होते. पहिला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड, १२ असिस्ट. दुसरा अँडी रॉबर्टसन, ११. हे दोघेही बचावपटू! यांचं काम कागदावर गोल अडवण्याचं. पण दोघेही दोन्ही कडांनी पुढे धावत जायचे आणि आघाडीच्या तिघांना चेंडू पुरवायचे. आघाडीची यादी करताना "बचावपटू" हा शब्द वाचूनच आपण त्यांना बाजूला ठेवलं असतं, तर संघाला सर्वांत जास्त गोल मिळवून देणारे पाय यादीबाहेरच राहिले असते.

न मोजलेली किक

२९ डिसेंबर २०१८ ला लिव्हरपूलने आर्सेनलला ५-१ असं हरवलं. त्या सामन्यात फर्मिनोचे दोन गोल झाले होते आणि दुसऱ्या अर्धात संघाला पेनल्टी मिळाली. त्याच सामन्यातली आधीची पेनल्टी सालाहने मारली होती, ही पण तोच मारणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याने चेंडू फर्मिनोला दिला. फर्मिनोने गोल केला आणि लिव्हरपूलकडून त्याची पहिली हॅट्‌ट्रिक झाली.

हंगाम संपला तेव्हा सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट पुरस्कार तिघांत वाटला गेला. सालाह, माने आणि आर्सेनलचा ओबामेयांग, तिघांचेही २२. ती एक किक सालाहने स्वतः मारून गोल केला असता, तर २३ गोलसह तो एकटा पहिला आला असता. चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

आता फर्मिनोचं काम बघा. तो नावाला आघाडीच्या मध्यावर, पण खेळताना वारंवार मागे यायचा. त्याच्यामागे समोरचा बचावपटू ओढला जायचा आणि मागे मोकळी जागा तयार व्हायची. त्या जागेत सालाह आणि माने घुसायचे. शिवाय चेंडू समोरच्यांकडे गेला की परत मिळवायला सगळ्यात आधी धावणारा हाच. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या खेळाचा पायाच तो होता, चेंडू गेला की लगेच, तिथल्या तिथे परत मिळवायचा. फर्मिनोने मोकळ्या करून दिलेल्या जागेला ना गोल म्हणतात ना असिस्ट. आकड्यांत ती दिसत नाही, सामना पूर्ण बघितला तरच दिसते.

माझी यादी

इतकं बोलल्यावर माझा क्रम सांगायला हवा, नाहीतर तो पळपुटेपणा होईल. माझी मोजपट्टी अशी: चालू खेळात गोल करणं किंवा गोल होण्याजोगी परिस्थिती तयार करणं.

१. सादियो माने. एकही पेनल्टी न मारता २२ गोल, तेही सालाहपेक्षा दोन सामने कमी खेळून. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिकच्या मैदानावर दोन गोल, ते वेगळेच.
२. मोहम्मद सालाह. बेरजेत सगळ्यांच्या पुढे आणि लीगचे ३८ पैकी ३८ सामने खेळलेला.
३. रॉबर्टो फर्मिनो. वर सांगितलेल्या, न मोजल्या जाणाऱ्या कामासाठी.
४. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड.
५. अँडी रॉबर्टसन.
६. डिव्हॉक ओरिगी. बदली खेळाडू. लीगमध्ये ३ गोल.

तुम्ही सालाहला पहिला ठेवलात तर मी भांडणार नाही. मी एवढंच विचारेन, "तुमची मोजपट्टी कोणती?" वर्गातही उत्तर एकच यावं हा हट्ट नको. कारण सांगता येतंय की नाही ते पाहावं.

सहाव्या नंबरचं काय?

७ मे २०१९. चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना. बार्सिलोनाविरुद्धची पहिली लढत लिव्हरपूल ०-३ ने हरलेला. आता घरच्या मैदानावर किमान तीन गोलची भरपाई करायची आणि समोर मेस्सी. त्यात सालाह डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर, फर्मिनोही दुखापतीमुळे बाहेर. माझ्या यादीतले दुसरे आणि तिसरे नाहीतच.

आत आला तो सहावा. ओरिगीने सातव्या मिनिटाला गोल केला. मध्यंतराला रॉबर्टसन जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी आलेल्या मध्यरक्षक वायनाल्डमने दोन-तीन मिनिटांत दोन गोल केले. ७९ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडू ठेवून निघाल्यासारखा दोन पावलं चालला, बार्सिलोनाचे खेळाडू बेसावध आहेत हे बघून गर्रकन वळला आणि किक मारली. तेवढ्या क्षणात तयार असलेला खेळाडू ओरिगी. ४-०. पुढे १ जूनला माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमला २-० हरवून लिव्हरपूल युरोपचा विजेता झाला. तिथलाही दुसरा गोल ओरिगीचा.

म्हणून ओरिगीला पहिला नंबर द्यायचा का? नाही. तेही भावनेच्या भरात केलेलं चुकीचं मोजमाप होईल. पूर्ण हंगामाचं बघितलं तर तो सहावाच. पण सहावा म्हणजे नको असलेला नव्हे. सहाव्याचाही सराव रोज पहिल्यासारखाच घेतला गेला होता, म्हणून वेळ आली तेव्हा तो तयार होता.

आता आपला वर्ग

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कागदावरून नंबर गेले, श्रेणी आल्या. पण निकालाच्या दिवशी फाटकातला प्रश्न तोच आहे, "बाई, कितवा आला?" शिष्यवृत्तीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. पालकांना दोष देऊन उपयोग नाही, जग स्पर्धेचं आहे आणि मुलाची काळजी वाटणारच. पण आपण उत्तर देताना मोजपट्टी सांगतो का? "लेखी परीक्षेत आठवा" आणि "आठवा" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य माहिती देतं. दुसरं वाक्य मुलावर शिक्का मारतं आणि दहा वर्षांचं मूल तो शिक्का खरा मानून चालतं.

प्रत्येक वर्गात एखादा फर्मिनो असतो. गटकार्यात स्वतःचं मागे ठेवून दुसऱ्याला समजावणारी मुलगी. नवीन आलेल्या, वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला डब्यात वाटा देणारा मुलगा. त्यांच्यामुळे बाकीच्यांना शिकायला जागा मोकळी होते. लेखी पेपरात याला गुण नाहीत. पण आपल्या प्रगतिपत्रकात "विशेष प्रगती" नावाचा रकाना आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. फुटबॉलच्या तक्त्यात जो रकाना नाही तो आपल्याकडे आहे! आणि आपण तिथे काय लिहितो? पुष्कळदा तयार यादीतून उचललेलं एक वाक्य, चाळीस मुलांना आलटून पालटून. "अभ्यासात नियमित आहे." कामाचा बोजा किती आहे हे मी जाणते, एप्रिलमध्ये हात दुखेपर्यंत लिहावं लागतं. तरी माझं स्पष्ट मत आहे की उचललेली नोंद ही नोंदच नव्हे. आठवड्याला तीन-चार मुलांकडे ठरवून लक्ष दिलं आणि वहीत एक ओळ टिपली, तर वर्षाअखेर प्रत्येकासाठी एक तरी खरं वाक्य हाताशी असतं.

तर एक तास हे करून बघा. वर दिलेले आकडे फळ्यावर लिहा. चार गट करा, प्रत्येक गटाला एक मोजपट्टी द्या आणि क्रम लावायला सांगा. चार गटांचे क्रम शेजारी शेजारी लिहा. मग विचारा, "खेळाडू तेच, मग क्रम वेगळे का?" उत्तर मुलांनाच शोधू द्या. गृहपाठाला प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचं किंवा मुलीचं असं एक काम लिहून आणायचं, ज्याला परीक्षेत गुण मिळत नाहीत. स्वतःचं लिहायचं नाही, दुसऱ्याचं.

त्या चिठ्ठ्या जपून ठेवा. नोंदी लिहायला बसाल तेव्हा कामी येतील. आणि पालकहो, या वेळी प्रगतिपत्रक हातात आलं की श्रेणीच्या आधी तो "विशेष प्रगती"चा रकाना वाचा. तिथे तुमच्या मुलाऐवजी कोणाचंही वाटेल असं वाक्य असेल, तर शिक्षकांना त्याबद्दल जरूर विचारा.