आधी तंबोरा, मग डीजे
डिसेंबर जवळ आला की आमच्या कुपवाडची पोरं पुण्या-गोव्यातल्या क्लब नाइटची पोस्टरं एकमेकांना धाडू लागतात आणि घरातली वडीलधारी ‘हे कसलं संगीत?’ म्हणून आठ्या घालतात. मंडळी, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले ते १९८२ साली. क्लब-संगीतातलं शिकागोचं गाजलेलं रेकॉर्ड ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाजारात आलं १९८७ मध्ये! क्लबच्या संगीतातही रागासारखाच खाली अखंड सूर, वर हळूहळू चढणारी लय, यात परकं काय आहे? शेजारच्या मिरजेत, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात, तंबोरे घडतात. आमच्या डीजेंनी आधी तिथे बसून सूर ऐकावा, मग खुशाल रात्रभर नाचवावं. पहिल्या रांगेत मी असेन.